शेवटचं वाक्य कापावं

प्रूफकाकांनी आयुष्यात दुसऱ्यांचे किती परिच्छेद सुधारले याला गणती नाही, आणि स्वतःचा एकही लिहिला नाही हे बिल्डिंगमध्ये कुणाला माहीत नव्हतं. छापखान्यात एकेचाळीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस म्हणजे लिहिण्यात पटाईत असणारच, असा लोकांचा समज. हलवायाला गोड आवडतच असेल, असं समजण्यापैकी तो प्रकार. काकांनी तो समज कधी दुरुस्त केला नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांच्या घशात काहीतरी अडकायचं, आणि ते निघेपर्यंत विषय बदललेला असायचा.

त्यामुळे वाचनालयाचे चिटणीस एका सकाळी दारात उभे राहिले आणि म्हणाले, "काका, एकच परिच्छेद. सात ओळी. तुमच्या तर हातचा मळ!" तेव्हा काकांच्या घशात जे अडकलं ते चिटणिसांचा चहा पिऊन होईपर्यंत निघालंच नाही. चिटणिसांनी तो होकार धरला.

गोष्ट साधी होती. वाचनालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. त्यात जुन्या कर्मचाऱ्यांना प्रत्येकी अर्धं पान. वर फोटो, खाली चौकट, चौकटीत सात ओळी. काकू, म्हणजे काकांची बायको, पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर एकतीस वर्षं बसल्या होत्या. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्याबद्दल लिहायचं ते काकांनीच.

"नाहीतर मी लिहितो," चिटणीस जाताना म्हणाले. "माझ्याकडे एक तयार मजकूर आहे. नाव तेवढं बदलायचं."

एवढं ऐकल्यावर मागे हटणं शक्य नव्हतं. नाव तेवढं बदललेल्या मजकुराखाली काकूंचा फोटो? काकांनी त्याच दुपारी टेबल पुसलं, कागद सरळ केले आणि तांबडं पेन बाजूला ठेवलं. मग काळं पेन सापडेना. घरात काळं पेनच नव्हतं. ते आणायला खाली जाण्यात पहिला दिवस गेला.

आता परिच्छेद कसा असावा, हे काकांना पाठ होतं. छापखान्यात नवीन आलेल्यांना ते तीन नियम सांगत. पहिला : एका परिच्छेदात एकच गोष्ट. दुसरा : पहिल्या वाक्यानं दार उघडावं, दाराचं वर्णन करू नये. तिसरा त्यांचा लाडका : शेवटचं वाक्य बहुधा नको असतं. जिना संपला तरी पाय आणखी एक पायरी शोधत राहतो, तशी लेखकाला सवय असते. ती नसलेली पायरी म्हणजे ते वाक्य. कापावं. या एका नियमावर काकांनी भल्याभल्यांची शेवटची वाक्यं उडवली होती, आणि भल्याभल्यांना त्याचा पत्ताही लागला नव्हता. चुकून काही कापलं गेलं तर त्या शब्दांखाली टिंबं द्यायची खूण असते. तिचा अर्थ, 'आहे तसं राहू द्या'. ती खूण काकांनी एकेचाळीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा वापरली असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं : 'ती अतिशय मनमिळाऊ होती.' वाचलं. हे तर कुणाबद्दलही लिहिता येतं. कापलं. 'ती वेळेची पक्की होती.' हे घड्याळाबद्दल लिहिता येतं. कापलं. 'तिला पुस्तकांची आवड होती.' वाचनालयात काम करणाऱ्या बाईला आणखी कशाची आवड असणार? कापलं. आठवडाअखेर टोपली भरली आणि कागदावर उरला एक शब्द, 'ती'. तो मात्र बरोबर होता. त्यात कापण्यासारखं काही नव्हतं.

बातमी जिन्यानं वर गेली. वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते खाली आले, खुर्ची ओढून बसले.

"सुरुवात सुविचारानं करा," मास्तर म्हणाले. "मनुष्य येतो आणि जातो, मागे राहतात ती त्याची कर्मे. असं काहीतरी."

"पण ते दाराचं वर्णन झालं," काका पुटपुटले.

"कुठलं दार?"

काकांनी टोपलीतला त्यातल्या त्यात बरा वाटलेला खर्डा गुपचूप पुढे केला. मास्तर तो घेऊन वर गेले आणि संध्याकाळी परत घेऊन आले. कागदाच्या कोपऱ्यात गोल काढून आत लिहिलं होतं, दहापैकी साडेचार. खाली 'प्रयत्न बरा', आणि त्याच्याही खाली एक रेघ ओढून 'पालकांची सही'.

"ते सवयीनं झालं हो," मास्तर ओशाळून म्हणाले. "हात थांबतच नाही."

काकांना राग यायला हवा होता. पण तांबड्या पेनानं हात न थांबणं काय असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. साडेचार मात्र दोन दिवस टोचत राहिले. निदान पाच तरी द्यायला काय हरकत होती?

शेजारच्या दारात शिवणवाल्या ताई राहत. दिवसभर मशीन चालू असायचं आणि दार उघडं. भिंतीपलीकडून कागद चुरगळल्याचा आवाज त्यांना रोज ऐकू येत होता. एकदा त्या गळ्यात टेप तशीच ठेवून आल्या.

"काका, एक विचारू? तुम्ही माप न घेताच कापताय."

"म्हणजे?"

"म्हणजे कापड संपत चाललंय आणि अंगाला काही येत नाही. काकू केवढ्या होत्या, कशा होत्या, ते आधी बघा तरी. मग कात्री."

काकांनी मान हलवली. पण माप घ्यायचं कसं? पंचेचाळीस वर्षं एका घरात काढलेल्या माणसाला बायकोचं माप माहीत नसावं, ही कबुली टेप लावून उभ्या असलेल्या बाईसमोर देणं कठीण होतं. त्यांनी परगावी असलेल्या मुलीला फोन लावला.

"अगं, आई कशी होती ते एका गोष्टीत सांग बरं."

"एका गोष्टीत? बाबा, काय हे!"

"नियम आहे तो."

मग मुलगी म्हणाली, "त्या पत्राची गोष्ट लिहा ना. आई सगळ्यांना सांगायची ती. लोकांना आवडेल."

ती गोष्ट खरंच सगळ्यांना माहीत होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत काकूंचे वडील आजारी पडले म्हणून काकू दोन महिने माहेरी गेल्या होत्या. तिथून त्यांनी नवऱ्याला पहिलं पत्र लिहिलं. प्रूफकाका तेव्हा छापखान्यात नवे, अंगात जोम. त्यांनी पत्र वाचलं आणि हाताला सवय अशी लागलेली की, वाचता वाचता तांबड्या पेनानं तपासून टाकलं. आणि तपासलेलं प्रूफ लेखकाकडे परत जातं, हा छापखान्याचा शिरस्ता. काकांनी ते पाकिटात घालून काकूंना परत पाठवलं. पाहुणे आले की काकू हसत हसत सांगत, "माझं पहिलं पत्र ह्यांनी दुरुस्त्या करून साभार परत केलं!" पाहुणे पोट धरून हसत. काकाही खाली बघून हसत.

"बघा, लिहा," मुलगी म्हणाली. "आणि बाबा, जेवताय ना वेळेवर?"

काकांनी ती गोष्ट लिहायला घेतली. पण का कोण जाणे, लिहिताना ती विनोदी होईना.

एवढ्यात चिटणीस पुन्हा आले. या वेळी त्यांच्या हातात फॉर्म होता. स्मरणिकेला कुठल्याशा कार्यालयाचं साहाय्य मिळणार होतं आणि त्यासाठी प्रत्येक मजकुराबरोबर संमतिपत्र जोडायचं होतं. "तेवढं तुम्हीच जाऊन या काका. सतरा लोकांचं मी कुठं कुठं धावणार?"

कार्यालयात काका तीन खिडक्यांवर उभे राहिले. पहिली चुकीची होती, दुसरी जेवायला गेली होती, तिसरीवर चष्मा कपाळावर चढवलेले कारकून होते.

"इथं सही राहिली," कारकून म्हणाले. "ज्यांच्याबद्दल मजकूर आहे त्यांची."

"त्या वारल्या."

"कधी?"

"आठ महिने झाले."

"मग सही तेव्हाच घेऊन ठेवायला हवी होती."

काकांच्या घशात अडकलं. मागची रांग खाकरली. कारकुनांना बहुधा दया आली. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, बोट ओलं करून पानं उलटली. "हं. मयत असल्यास मृत्यूचा दाखला, आणि हस्ताक्षराचा मूळ नमुना. स्वाक्षरीसह. झेरॉक्स चालणार नाही."

दाखला होता. हस्ताक्षराचेही नमुने घरात ढिगानं होते, कारण काकू चिठ्ठ्या लिहायच्या. सकाळी काका झोपलेले असताना वाचनालयात जाण्याआधी त्या टेबलावर चिठ्ठी ठेवत. 'दूध वर ठेवलंय.' 'किल्ली ताईंकडे.' 'इस्त्रीवाला येईल.' काका त्या चिठ्ठ्या पुस्तकात खूण म्हणून घालत. आता त्यांनी कपाटातलं एकेक पुस्तक उलटं धरून झटकायला सुरुवात केली. दुपारपर्यंत जमिनीवर चिठ्ठ्यांचा सडा पडला. काका त्यात मांडी घालून बसले आणि एकेक बघत गेले. एकीवरही सही नव्हती. नव्हतीच, पण 'तुमची' असाही शब्द नव्हता. सगळ्या एका ओळीच्या. कापण्यासारखं कुठंही काही नाही. तपासनिसाला यापेक्षा चांगला मजकूर मिळाला नसता.

हे काकांच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, असं त्यांना वाटून गेलं. काय लक्षात यायला हवं होतं, ते मात्र अजून कळत नव्हतं.

राहिलं काकूंचं कपाट. ते आठ महिन्यांत त्यांनी उघडलं नव्हतं. मुलगी म्हणाली होती, मी येईन तेव्हा आवरू. पण कारकुनांना मूळ नमुना हवा होता. काकांनी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात कागदपत्रांची फाइल होती. नेमणुकीचं पत्र, मुलीच्या शाळेचे दाखले, डोळ्यांच्या डॉक्टरांचे कागद, सगळं तारखेवार. आणि सर्वांत तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, ते पत्र.

काका खिडकीजवळ जाऊन उभे राहिले.

चार पानं, आणि चार पानांत एकही परिच्छेद पाडलेला नव्हता. बाबांचा खोकला कमी आहे पण औषध घेताना ते लहान मुलासारखं तोंड करतात, आणि आईनं नवे पडदे शिवलेत ते एका बाजूला आखूड झालेत पण कुणी बोलायचं नाही, आणि शेजारच्यांचं मांजर आमच्या कपाटात व्यालं, चार पिल्लं आहेत, त्यातलं एक अगदी तुमच्यासारखं, कुणी जवळ आलं की मागे सरकतं आणि मग लांबून बघत बसतं. असं एका दमात, धावत धावत. आणि त्यावर सगळीकडे काकांची तांबडी शाई. इथे नवा परिच्छेद. इथे पूर्णविराम. मांजराच्या पिल्लाशेजारी समासात, सुबक अक्षरात : 'उपमा अस्पष्ट.'

काकांना हसू आलं. तिच्या गोष्टीत पाहुण्यांना यायचं तसंच. मग त्यांनी चौथं पान उलटलं.

शेवटी लिहिलं होतं, 'एवढं सगळं लिहिलं, पण खरं एवढंच की माझं इथं मन लागत नाही, दोन दिवस तरी या.' खाली 'तुमची' आणि सही.

त्या वाक्यावर आडवी तांबडी रेघ होती. शेजारी शेरा : 'आधीच्या मजकुरातून हे ध्वनित होतेच. वगळावे.'

काकांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला डोळ्यांनी साथ दिली नाही. आपण गेलो नव्हतो, हे त्यांना आठवलं. त्या महिन्यात छापखान्यात काम फार होतं. काकू ठरलेल्या दिवशी आपल्या आपण परत आल्या. काकांनी विचारलं होतं, पत्र मिळालं का? काकू म्हणाल्या होत्या, मिळालं. आणि पिशवी खाली ठेवून त्यांनी चहा टाकला होता. पंचेचाळीस वर्षं त्यांनी ही गोष्ट हसत हसत सांगितली, आणि दर वेळी शेवटचं वाक्य वगळून सांगितली. आणि नंतर कधी पत्र लिहिलं नाही, चिठ्ठ्या लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी काका पत्र घेऊन कार्यालयात गेले. खिडकी या वेळी पहिल्या फटक्यात सापडली.

"द्या," कारकून म्हणाले, आणि त्यांनी स्टेपलर उचलला.

"परत कधी मिळेल?"

"काय परत?"

"पत्र."

"फाइलीतलं कधी परत मिळतं का आजोबा?"

काकांचा हात पुढे झालेला होता. पत्राचं टोक कारकुनांच्या चिमटीत होतं. आयुष्यात काकांनी काउंटरपलीकडच्या माणसाला कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. भाजीवालीनं शिळी भेंडी घातली तरी ते बरं म्हणत. त्या दिवशी ते "नाही" म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. पत्र ओढून घेऊन ते जिना उतरले, आणि खाली पोचल्यावरही त्यांचा पाय आणखी एक पायरी शोधत होता.

घरी आल्यावर त्यांनी शिवणवाल्या ताईंना सांगितलं की आता काकूंचं पान रद्द. सहीचा नमुना नाही, संमती नाही, संपलं.

ताईंनी मशीन थांबवलं. "अहो काका, एकतीस वर्षं मस्टरवर सही करत होत्या की काकू!"

काका, मास्तर, चिटणीस, कारकून, चार शिकलेली डोकी. कुणाच्याही डोक्यात हजेरीपुस्तक आलं नव्हतं. त्याच दिवशी ताईच त्यांना वाचनालयात घेऊन गेल्या. चिटणिसांनी कपाळावर हात मारून घेतला आणि जुनी मस्टरं काढायला काउंटरखालचा कप्पा उघडला. मस्टरांच्या बाजूला एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. परत आलेल्या पुस्तकांत लोकांच्या ज्या वस्तू राहून जात, त्या काकूंनी त्यात ठेवल्या होत्या. औषधाची चिठ्ठी, एका लहान मुलाचा फोटो, कुणाचं तरी वाळलेलं पान. प्रत्येकीला नाव आणि तारीख लावलेली. सगळ्यांत जुनी तारीख अठ्ठावीस वर्षांपूर्वीची.

"कितीदा म्हटलं फेकून द्या," चिटणीस म्हणाले. "म्हणायच्या, येईल की माणूस."

सहीचं एक पान फॉर्मला जोडायचं ठरलं. काका घरी आले, बसले आणि त्यांनी परिच्छेद लिहिला. एका बैठकीत. तांबडं पेन त्यांनी ताईंकडे ठेवायला दिलं होतं.

'ती या काउंटरवर एकतीस वर्षं बसली. पुस्तकात कुणाची वस्तू राहिली, तर ती नाव घालून जपून ठेवायची आणि माणूस परत येण्याची वाट पाहायची. अठ्ठावीस वर्षं वाट पाहिलेल्या वस्तू तिच्या खोक्यात आहेत. वाट पाहताना ती तक्रार करत नसे, उलट हसवत असे. लग्नानंतर तिनं मला एक पत्र लिहिलं होतं. मी ते तपासून परत पाठवलं. त्यात शेवटी तिनं मला दोन दिवस बोलावलं होतं. मी जायला हवं होतं.'

मास्तरांना दाखवलं. मास्तरांनी वाचलं, खिशातलं पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं आणि वर गेले.

मग काकांनी ते जुनं पत्र उलगडलं, चौथं पान टेबलावर सरळ केलं, आणि कापलेल्या वाक्याच्या प्रत्येक शब्दाखाली काळ्या शाईनं टिंबं दिली. आहे तसं राहू द्या. त्याला उशीर झाला होता हे त्यांनाही कळत होतं.

महिन्याभरानं स्मरणिका छापून आली. चिटणीस पहिली प्रत घेऊन स्वतः आले. फोटो छान आला होता. काकांनी चौकट वाचली. एकदा, दोनदा. मजकूर 'बोलावलं होतं' वर संपत होता.

"शेवटचं एक वाक्य..." काका म्हणाले.

"हो, ते आठव्या ओळीत जात होतं," चिटणीस म्हणाले. "म्हटलं, काकांचाच नियम आहे, काकू सांगायच्या तो. आणि आधीच्या मजकुरावरून ते कळतंच की!"

चिटणिसांना वाटलं, काका रागावतील. काका रागावले नाहीत. ते चौकटीकडे बघत म्हणाले, "हं. आलं फिरून." आणि विचारलं, "प्रती किती आहेत?"

"तीनशे. चार दिवसांनी वाटायच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वाचनालयात गेले आणि काउंटरमागे, काकूंच्या खुर्चीवर बसले. समोर गठ्ठे. शिवणवाल्या ताई बरोबर ते पान उघडून प्रत पुढे सरकवत. काका चौकटीखाली काळ्या शाईनं लिहीत, 'मी जायला हवं होतं.' ताई म्हणाल्या, "काका, अर्ध्या मी लिहिते." काका म्हणाले, "नको. उत्तर माझं आहे." दुपारी मास्तर आले. त्यांनी शेजारी बसून एकेक प्रत शाई वाळेपर्यंत उघडी धरली. लिहून लिहून काकांचं अक्षर वाकडं व्हायला लागलं. त्यांनी ते सुधारलं नाही.

तीनशे प्रतींना दोन दिवस लागले. तिनंही दोनच दिवस मागितले होते.